कापणीनंतरची गुरं

१२ सप्टें., शुक्र.
खैरडीह गावाला जाऊन आले. रिटायर होऊन अकरा महिने झाले तरी शुक्रवार उजाडला की स्कूटर आपोआप सिलतऱ्याच्या रस्त्याला लागते. निघताना ह्यांनी विचारलं, "आता कोन हजेरी घेऊन राहिलं तुही?" डबा घेतला आणि निघाले. रेल्वेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला वेळेवर निघालेली बायको खुपायचं कारण नाही.

कारखान्यांचा पट्टा संपला की डावीकडे वळायचं, मग चार कि.मी. कच्चा रस्ता. यंदा धान छान आहे. बायकांच्या बचत गटातल्या अकराही जणी आल्या होत्या. इतवारीन, गटाची अध्यक्ष, चाळिशीची, आवाज गावच्या कोतवालापेक्षा मोठा. तिला म्हटलं, यंदा उतेरा करायचाच. सोपं आहे. कापणीआधी पंधरा-वीस दिवस उभ्या धानातच लाखोळी डाळीचं आणि जवसाचं बी फेकायचं. नांगर नको, पाणी नको, जमिनीच्या ओलीवर उगवतं. पौषात भाजी खुडायची, फाल्गुनात डाळ.

ह्या गावात तांदूळ सगळ्यांना मिळतो. पण पौषानंतर ताटात तांदळाशिवाय काही नसतं. पोट भरतं, अंगाला लागत नाही. चौतीस वर्षं कृषी खात्यात विस्तार अधिकारी म्हणून हेच लिहीत होते, आता एका गावात तरी करून दाखवायचं आहे.

इतवारीन म्हणाली, पूर्वी सगळे करायचे. मग बंद का झालं? तर गुरं. धान कापलं की गावाची रीत, गुरं मोकळी. रात्रंदिवस. हिरवं म्हणून काही राहत नाही.

म्हणजे अडचण शेतीची नाहीच. गुरांची आहे.

१६ सप्टें., मंगळ.
यादी केली. बी. सरपंच. बैठक. ठराव. सह्या. कोतवालाची दवंडी. नीट जमलीय यादी. मला कामाची यादी करताना जो आनंद होतो तो लग्नात शालू नेसतानाही झाला नव्हता, खरंच.

रश्मीचा पुण्याहून फोन. मराठीत सुरू करते, दुसऱ्या वाक्याला हिंदी. "मम्मी, अब तो आराम करो." करते म्हटलं.

२१ सप्टें., रवि.
झाला ठराव! शीतलादेवीच्या चबुतऱ्यावर बैठक, साठ-सत्तर माणसं. तीन तास. सुरुवातीला पुरुष मंडळी हसली. मग इतवारीन उठली आणि विचारलं, मागच्या माघात कोणाकोणाच्या घरी डाळ शिजली होती, हात वर करा. सात हात. त्यानंतर कोणी हसलं नाही.

ठरलं ते असं. यंदा कापणीनंतर गुरं मोकळी सोडायची नाहीत. उतेऱ्याचं शेवटचं शेत निघेपर्यंत राऊत, म्हणजे गावचा गुराखी, रोज सकाळी गुरं चारायला नेईल, दुपारी परत आणेल, मग दावणीला पेंढा. रोज. पावसाळ्यात करतो तसंच. प्रत्येक घराचं नाव पुकारून सही, अंगठा. सरपंचाने शिक्का मारला. राऊत बिसाहू चहाचे कप फिरवत होता. माझ्या कपात साखर कमी, बरोबर लक्षात ठेवली त्याने.

येताना गाडी हलकी वाटत होती. ह्यांना सगळं सांगितलं, ते म्हणाले, चला, बूढा तालाबावर फिरून येऊ. गेलो. भेळ खाल्ली. ह्यांची शुगर आणि माझं वजन दोन्हींकडेही दुर्लक्ष केलं.

३ ऑक्टो., शुक्र.
बी आलं. लाखोळीचं सुधारित वाण मागवलं, म्हणजे जुन्या वाणाने पाय लुळे पडतात ती भीती नको. तरीही बजावून सांगितलं की रोज तीच डाळ खायची नाही, आलटून पालटून. आमच्या भंडाऱ्याच्या आत्याकडे लाखोळीचे वडे व्हायचे. इतवारीनला कृती सांगितली, ती म्हणाली आमच्यात पण करतात, तुम्हीच शिकलात आमच्याकडून. वाद घातला नाही.

१४ ऑक्टो., मंगळ.
पेरा सुरू. बी रात्रभर भिजवलेलं. बायका कमरेइतक्या धानात रांगेने शिरतात आणि मूठ फेकतात, धानाच्या लोंब्या हलतात तेवढंच दिसतं. मीही दोन ओळी फेकल्या. इतवारीन मागून म्हणाली, मॅडम, तुम्ही कागदावरच बऱ्या. माझी मूठ एकीकडे दाट, दुसरीकडे टक्कल. चार दिवसांत सगळं उरकेल.

२३ ऑक्टो., गुरु.
काल गोवर्धनपूजा झाली. फराळाचा डबा घेऊन गेले. उगवण उत्तम, धानाच्या बुडाशी बोट बोट हिरवं. मी खूष. इतवारीन गप्प. ती गप्प असली की काहीतरी गडबड असते.

शेवटी म्हणाली, "बिसाहू ए बछर सोहई नइ गाँथत हे."

बिसाहू यंदा सोहई वळत नाही, म्हणजे पळसाच्या मुळांच्या दोराची माळ. जेठौनीला, आपल्या कार्तिकी एकादशीला, राऊत घरोघर जाऊन प्रत्येक गाईच्या गळ्यात ती बांधतो. मुळं खणून, कुटून, वळायला पंधरा दिवस लागतात. बांधली की त्या घरची गुरं पुढच्या वर्षीही तोच राखणार. नाही बांधली तर नाही. इथे राऊताचा करार असाच असतो, कागद नसतो. आणि ह्या वर्षी तो मुळं खणायला गेलाच नाही.

मी म्हटलं, का पण?  ती म्हणाली, मॅडम, त्याला कोणी विचारलं होतं?

परत येताना सिलतऱ्याच्या फाटकाजवळ गाडी बाजूला घेऊन थांबले. बॅगेतून यादी काढून वाचली. बी, सरपंच, बैठक, ठराव, सह्या, कोतवाल. ज्याच्या पायांवर सगळं उभं करायचं होतं तो त्यात नाही. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या योजनांमध्ये नेमकं हेच काढून दाखवत होते मी. लाज वाटली. अजून वाटते आहे.

ह्यांना सांगितलं. हसले, मग माझं तोंड पाहून थांबले. "तुनं नवरदेवाले सोडून सगळ्या वरातीले पत्रिका देल्ली." राग आला, कारण बरोबर होतं.

२४ ऑक्टो., शुक्र.
सकाळीच बिसाहूच्या घरी. गावाच्या टोकाला, दोन खोल्या. पंचावन्नचा असेल, पायाच्या नडग्या पळसाच्या खोडासारख्या. बायको केजाबाई. जेवायची वेळ होती. रात्रीचा भात पाण्यात, मीठ, एक मिरची. मलाही वाढलं, खाल्लं. डाळ कधी शिजली होती असं विचारायचं तोंडावर आलं होतं, नाही विचारलं. चूल सांगत होतीच.

मी आधी माफी मागितली. सरळ. माझी चूक झाली, तुम्हाला विचारायला हवं होतं. त्याने हातातल्या दोरीला पीळ दिला. मग म्हणाला, बैठकीत सगळ्यांची नावं घेतली, माझं कोणी घेतलं नाही.

"मीटिंग म सबके नाव धरिन मैडम. मोर नाव कोनो नइ धरिन."

बाकीचं केजाबाईने सांगितलं. कापणी झाली की चार महिने तो मोकळा. सिलतऱ्याला माल चढवायच्या कामावर जातो, त्यावर मीठ-तेल, कपडे, दवाखाना. ठरावाने ते चार महिने घेतले. बदल्यात घरटी थोडं जास्त धान. धानाचं काय करायचं, ते आहेच. आणि बिसाहूला जमीन नाही, वीतभरही नाही. म्हणजे सगळ्या गावाच्या ताटात डाळ यायची आणि जो राखणार त्याच्या ताटात मिरची.

मी म्हटलं, प्रत्येक घराने टोपलीभर लाखोळी तुम्हाला द्यायची, मी ठरवून देते. माझा जुना स्वभाव, लगेच ठरवून देते. तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला.

"दार देहू त खा डारबो. भुइयाँ देहू त बोबो."

डाळ द्याल तर खाऊन टाकू, जमीन द्याल तर पेरू.  हिशोबाने पाहिलं तरी तोच बरोबर आहे.

२६ ऑक्टो., रवि.
गटाची बैठक, इतवारीनच्या ओसरीवर. बिसाहूला बोलावून खाटेवर बसवलं, तो अवघडून बसला. मी तोंडाला कुलूप लावून होते (ह्यांचा सल्ला).

पेच असा. बहुतेक शेतांत पेरा झालाय, धान पिकत आलंय, ओल चालली. ओल फक्त नाल्याकाठच्या खोलगट शेतांत, तिथलं धान उशिराचं. ती शेतं चार घरांची. एकीने सांगितलं नवऱ्याला विचारते, दुसरीने तेच, तिसरी पदराशी चाळा करत बसली. मग इतवारीन.

"मोर बाँटा के आय. मैं देहूँ."

माझ्या वाट्याचं आहे, मी देते. नाल्याकाठचा अर्धा एकर. वाटणीत तिच्या नवऱ्याला आलेला. यंदाचं धान तिचं, धानाखालचा उतेरा बिसाहूचा. तिच्या आवाजात कसलीही मेहेरबानी नव्हती, जणू चूल पेटवायला काडी देते आहे. 

२९ ऑक्टो., बुध.
इतवारीनचे सासरे मनराखन, सत्तरीचे, अडून बसलेत. वाटणी तोंडी झालेली, कागदावर जमीन अजून त्यांचीच. मी गेले तर खुर्ची दिली, चहा दिला, आणि सांगितलं, "आज बोएगा, कल कब्जा करेगा." चाळीस वर्षं तो तुमची गुरं सांभाळतो आहे, त्याआधी त्याचा बाप, म्हटलं, एका गाईवर तरी कब्जा केला का? त्यावर त्यांनी चहा संपवला.

मी उठले तेव्हा म्हणाले, एक साल. बस एक साल.

बिसाहूला निरोप दिला. तो "हव" म्हणाला आणि कुदळ घेऊन जंगलाकडे गेला. तीन दिवसांत शंभरावर गुरांच्या सोहई कशा वळणार, देव जाणे.

१ नोव्हें., शनि. जेठौनी
घरी तुळशीचं आवरून दुपारी तिथे. बिसाहू डोक्याला फेटा, कवड्यांचा पट्टा बांधून घरोघर. माळा पुरल्या नाहीत. मग त्याने काय केलं, प्रत्येक घरातल्या सगळ्या गुरांना न बांधता एकेकीलाच बांधली. एकही घर सोडलं नाही. मनराखनच्या गाईला बांधताना म्हातारा स्वतः गाय धरून उभा होता.

मी इतवारीनला कोपराने ढोसलं. तिनेही मला ढोसलं. दोन बाया ह्या वयात.

३ नोव्हें., सोम.
बिसाहू आणि केजाबाईने नाल्याकाठी पेरलं. बाकी गावापेक्षा वीस दिवस उशीर. मी म्हटलं, ओल आहे, येईल. येणारच.

त्याची मूठ बघण्यासारखी आहे. पहिल्यांदाच पेरत होता, पण चाळीस वर्षं दुसऱ्यांचं पाहिलंय.

२५ नोव्हें., मंगळ.
कापणी उरकली. दरवर्षी ह्या आठवड्यात गुरं गावभर. आज सकाळी सात वाजता दइहानात, म्हणजे गावाबाहेर गुरं जमतात तिथे, सगळी गुरं रांगेत आली आणि बिसाहू त्यांना तलावापलीकडच्या पडीकावर घेऊन गेला. मी मुद्दाम सहाला घरून निघाले होते. पाहिलं, परत आले. ह्यांनी विचारलं, फक्त गुरं पाहायले गेली होती? हो.

१८ डिसें., गुरु.
लाखोळीचे शेंडे खुडायला सुरुवात. घराघरांत भाजी. इतवारीनने मला पिशवीभर दिली, मी लसूण-मिरचीची फोडणी देऊन परतली, भाकरीबरोबर. हे दोनदा वाढून घेऊन म्हणाले, "बरी झाली." ह्यांच्या तोंडी बरी म्हणजे उत्तम.

बिसाहूचं शेत सगळ्यात मागे, अजून वीतभरच. पण रंग काळाभोर हिरवा. खोल जमीन, नाल्याची गार. उशिरा येईल, दाट येईल.

३ जाने., शनि.
छेरछेरा. पोरंटोरं घरोघर धान मागत फिरत होती. केजाबाईने दारात आलेल्या प्रत्येकाला धानाबरोबर मूठभर लाखोळीची भाजी दिली. बायका हसत होत्या, भाजी कोणी देतं का छेरछेऱ्याला. तिने दिली. स्वतःच्या शेतातली पहिली वस्तू वाटायला मिळाली तिला, ती कशाला ऐकते.

१९ फेब्रु., गुरु.
गावाची लाखोळी निघाली. अंगणाअंगणात ढीग. अकरा जणींच्या घरी तर आहेच, गटाबाहेरच्याही तीस-चाळीस घरांत वर्षाची डाळ भरली. मी फिरून फिरून पाहिलं. इतकं समाधान नोकरीत एकदाही झालं नाही, हे मला इथे कबूल करायला हरकत नाही.

आता गोम. सगळं निघालं, एक सोडून. बिसाहूचं शेत अजून हिरवं. शेंगा भरल्यात, वाळल्या नाहीत. मी दाणा दाबून पाहिला, पंधरा दिवस हवेत. आणि गावाला गुरं मोकळी करायची घाई. पेंढा संपत आला आहे, ते खरं आहे, मी गंज्या पाहिल्या. एकदा रात्रंदिवस मोकळी सुटली की अर्धा एकर म्हणजे एका दुपारचा घास.

ठरावात लिहिलंय शेवटचं शेत निघेपर्यंत. मी स्वतः लिहिलंय. पण आता ज्याला त्याला वाटतं, आपलं निघालं म्हणजे शेवटचं निघालं.

बिसाहूला विचारलं तुम्ही काय म्हणता. "गाँव कइही त ढील देबो." गाव म्हणेल तर सोडू. मला इतका राग आला त्याचा. जरा भांड की, माणसा. तीन महिने तू एक दिवस चुकला नाहीस. मग लक्षात आलं, गुरं सोडायची हाक देणंही त्याचंच काम आहे. स्वतःच्या शेतावर स्वतःच सोडायची.

२२ फेब्रु., रवि.
बैठक. ह्या वेळी त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उठला, म्हणाला, बारा दिवस लागतील, आणि बसला. एवढंच. इतवारीन बोलली, चांगलं बोलली. पण कोणी पेंढ्याचं काढलं, कोणी एका माणसासाठी शंभर गुरं का उपाशी, म्हणालं. मी उठून ठराव वाचला. ऐकला सगळ्यांनी. कोणी खोडला नाही, कोणी मान्यही केला नाही. शेवटी सरपंचाने हात झटकले.

"जेन ला बाँधना हे बाँधे, जेन ला ढीलना हे ढीले."

ज्याला बांधायची त्याने बांधावीत, ज्याला सोडायची त्याने सोडावीत. म्हणजे ठराव नाही, बंदी नाही, ज्याचं त्याच्या मनावर. बैठकीनंतर मी आणि इतवारीन घरोघर गेलो. ज्यांच्याकडे पेंढा नाही त्यांना गटातल्या बायका आपल्या गंजीतला देणार. पंचवीस घरं झाली, मग अंधार पडला. बऱ्याच जणांनी हो म्हटलं. तोंडावर हो म्हणणाऱ्यांचा मला अनुभव आहे, तरी मला वाटतं बांधतील. लिहून ठेवते, बांधतील.

२३ फेब्रु., सोम.
पहाटेच निघाले. हे म्हणाले मी येतो, नको म्हटलं, मग म्हणाले, "बरं, पन भांडू नको. भांडलीच तर जिंकून ये."

जी बांधलेली असतील ती सात वाजता दइहानात बिसाहूकडे यायची. आली. मी मोजली, चुकले, पुन्हा मोजली. मीच नाही, बिसाहू पण मोजत होता. जवळजवळ सगळ्या घरांची आली. ज्यांनी काल तोंडावर नाही म्हटलं होतं त्यांचीही. केजाबाईने तोंडाला पदर लावला.

चार नव्हती. तेवढ्यात ती नाल्याच्या बाजूला दिसली, मोकळी, शेपट्या हलवत निघालेली, हिरव्याकडे. बिसाहू धावला. पंचावन्नचा माणूस असा धावताना मी पाहिला नव्हता. बांधाजवळ आडवा झाला, काठी न मारता, नुसती हाक घालत गुरं वळवली. एका कडेची चारदोन रोपं गेली असतील, जास्त नाही.

चौघी मनराखनच्या. इतवारीनच्या घरच्या. जमीन ज्यांची त्यांच्याच.

इतवारीन शेणाचे हात घेऊन बाहेर आली होती, तिनेही पाहिलं. तिला माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. सासऱ्यांनी पहाटे स्वतः दावी सोडली होती. एक साल म्हणाले होते ना. साल त्यांच्या मते संपलं, किंवा काय, मला नाही माहीत.

मी पुढे होणार होते. तिने हात आडवा केला, शेण लागू नये म्हणून जरा लांबूनच. माझ्या घरचं आहे, मी बघते, म्हणाली. मग हात धुतले, पदर डोक्यावर घेतला, नीट खोचला आणि आत गेली. दार लोटलं, पण कडी लावली नाही.

बिसाहू गुरं घेऊन तलावाकडे गेला. त्या चारही त्यात. उद्या सकाळी त्या दावणीला असतील की नाही, आणि परवा, अशा अजून अकरा सकाळी, ते त्या घरात ठरत होतं. आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, मग तिचा, मग बराच वेळ फक्त तिचा. शब्द कळत नव्हते. माझ्या बॅगेत ठरावाची प्रत होती, तिचा तिथे काही उपयोग नव्हता.

जावं की थांबावं असं एकदा वाटलं. मग हेल्मेट काढून सीटवर ठेवलं. थांबायचं तर नीट थांबायचं.